वीस लिटर समुद्र

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कोकणातल्या आचऱ्याच्या खाडीतून आमची होडी बाहेर पडली. मासे नको होते, पाणी हवं होतं. पुण्यातल्या एका मित्राच्या घरी काचेच्या टाकीत, परदेशातून रीतसर कागदपत्रांसह आलेली प्रवाळं आहेत आणि त्यांच्यासाठी खरा समुद्र न्यायचा होता. होडीत ठेवलेले वीस-वीस लिटरचे दोन पांढरे कॅन बघून तांडेलकाकांनी विचारलं, "ह्या पाण्याचा काय करतलास?" मी सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मगे खाडयेतला नको. भायरचा घेवया."

मत्स्यालयावरची पुस्तकं या एका गोष्टीवर पानंच्या पानं खर्च करतात. काकांनी ती दोन वाक्यांत संपवली. खाडीच्या पाण्यात नदीचं गोडं पाणी मिसळलेलं असतं. शेतातलं खत, गावातलं सांडपाणी, होड्यांचं तेल, सगळं तिथेच रेंगाळतं. भरतीच्या वेळी बाहेरचं निवळ पाणी किनाऱ्याकडे येतं आणि ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर ओतलं जातं. म्हणून पाणी भरायचं ते भरतीला आणि किनाऱ्यापासून लांब. पावसाळ्यात तर अजिबात नाही. एकतर नद्यांच्या पुराने वरच्या थराचा खारटपणा उतरतो. शिवाय नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल थरातलं पाणी वर सरकतं. त्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर आणि प्राणवायू कमी असतो. माशांच्या अन्नसाखळीला ती मेजवानी असते, पण काचेच्या टाकीत त्यातून फक्त शेवाळ माजतं.

कॅन आधी त्याच पाण्याने दोनदा विसळून घेतले. मग बंद तोंडाने कोपरभर खोल नेऊन झाकण पाण्याखाली उघडलं, कारण धूळ आणि तेलकट थर पृष्ठभागावरच तरंगत असतो. भांडं प्लास्टिकचं घ्यायचं, धातूचं कधीच नाही. तांब्याचा अंश माणसाच्या लक्षातही येणार नाही इतका उतरला, तरी प्रवाळ, कोळंबी, शंखातले जीव त्याने मरतात.

किनाऱ्यावर आल्यावर खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. वीतभर नळकांडं, एका टोकाला तिरकी काच. काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवून झाकण टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावून आकाशाकडे धरलं. वर निळा रंग, खाली पांढरा आणि मधली रेघ बरोबर ३५वर. म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. या हिशेबाने माझ्या एका कॅनमध्ये सातशे ग्रॅमच्या वर मीठ होतं. पण त्याला मीठ म्हणणं अपुरं आहे. सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपल्या डब्यातलं मीठ, हे त्यातले साधारण ८५ टक्के. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि मग अगदी थोडं थोडं करत स्ट्रॉन्शियम, आयोडीन, चिमटीतही न येणारं लोखंड आणि सोनंसुद्धा.

या यादीपेक्षा तिच्यातलं प्रमाण मला जास्त थक्क करतं. लंडनमध्ये काम करणारे डॉक्टर अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांचं पाणी तपासून सांगितलं, की खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सगळीकडे सारखंच आहे. पुढे 'चॅलेंजर' हे जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या महासागरांत फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचं विल्यम डिटमार यांनी काटेकोर विश्लेषण केलं आणि १८८४ मध्ये मार्सेट यांचं म्हणणं पक्कं झालं. बंगालचा उपसागर नद्यांच्या पाण्याने पातळ, अरबी समुद्र बाष्पीभवनाने दाट. तरीही भर समुद्रातल्या पाण्यात क्लोराइडमागे मॅग्नेशियम किती, कॅल्शियम किती, हे गुणोत्तर दोन्हीकडे जवळपास तेच. जणू एकाच हाताने कालवलेलं सार, कुठे थोडं पाणी जास्त घातलेलं, इतकंच.

हे असं का, याचं उत्तर वेळेत आहे. नदीने आणून टाकलेला सोडियमचा कण समुद्रात कोट्यवधी वर्षं राहतो. महासागर मात्र हजारेक वर्षांत स्वतःला पुरता ढवळून घेतो. म्हणजे तो कण बाहेर पडायच्या आत हजारो वेळा सगळं जग फिरून येतो. आचऱ्याच्या पाण्याचा कॅन भरताना मी त्या अर्थी पॅसिफिक आणि अटलांटिकचंही पाणी भरत होतो.

प्रमाण ठरलेलं असेल तर ते घरी जुळवताही येईल, असं कुणाला तरी सुचणारच. इंग्लंडमधले निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून समुद्राचं पाणी बनवलं. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली होती. त्यांनी त्या पाण्यात लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी हिरवं समुद्रशेवाळ वाढलेले दगड ठेवले, काही दिवस जाऊ दिले आणि मगच जीव आणले. क्षार जुळले तरी समुद्र जुळत नाही, हे त्यांना कळलं होतं.

त्याच्याही आठ वर्षं आधी, १८४६ मध्ये, अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणलं होतं. समुद्र लांब, आणलेलं पाणी मोजकं. ते नासू नये म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत राहायची, अर्धा-पाऊण तास. आज आपण पंप लावतो ते काम त्या मुलीचे हात करत होते. तिचं नाव कुठे नोंदलेलं मला सापडलेलं नाही. मत्स्यालयांच्या इतिहासात ते असायला हवं होतं.

मोलकरणीचा तो खटाटोप नेमका कशासाठी होता? भांड्यात भरलेलं पाणी हा नुसता द्राव नसतो, ती वस्ती असते आणि तिला हवा लागते, म्हणून. समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख जिवाणू असतात आणि त्यांच्या दसपट विषाणू. एका कॅनमध्ये दोन हजार कोटी जिवाणू झाले. आचऱ्याच्या पाण्याचा थेंब मी त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काचेच्या डब्यांसारख्या डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती, झाकण आणि बूड वेगळं दिसणाऱ्या. मधूनच कोपेपॉड हा कोळंबीच्या जातकुळीतला इवला जीव, कपाळावर एकच लाल डोळा, झटका देऊन चौकटीबाहेर जाणारा आणि परत येणारा. हिवाळ्याच्या काही रात्री कोकणात लाट फुटताना निळी पेटते, तेव्हा त्या पाण्यात नॉक्टिलुका नावाचे एकपेशीय जीव दाटलेले असतात. तसं पाणी बाटलीत भरून हलवलं तर बाटली उजळते. पाहण्यासाठी जरूर भरावं, टाकीसाठी भरू नये. इतके जीव एकदम मेले की पाण्यातला प्राणवायू संपतो.

कॅनचं झाकण लागलं की या वस्तीचं काय होतं, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. अंधार होतो आणि उजेडावर जगणाऱ्या वनस्पती मरायला लागतात. त्यांना खाणारे प्राणी उपाशी पडतात. मेलेलं सगळं जिवाणूंचं अन्न बनतं आणि जिवाणू अफाट वाढतात. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या झोबेल आणि अँडरसन यांनी १९३६ मध्ये यात आणखी एक नवल दाखवलं. साठवलेलं पाणी जितकं थोडं, तितकी त्यातल्या जिवाणूंची वाढ जास्त. लहान बाटलीत पाण्याच्या मानाने काचेची भिंत जास्त असते. पाण्यात विखुरलेले अन्नकण त्या भिंतीला चिकटून गोळा होतात, जिवाणू तिथे पंगत मांडतात. मोकळ्या समुद्रात अन्न इतकं विरळ असतं की त्यांना ही चैन परवडत नाही. म्हणजे पाणी तेच, क्षार तेच, पण त्याच्याभोवती भिंत उभी राहिली एवढ्यानेच त्याचा स्वभाव बदलतो.

म्हणून अनुभवी लोक आणलेलं पाणी दोनपैकी एका रीतीने वापरतात. एकतर समुद्राजवळ राहणारे ते गाळून, शक्य तितक्या लवकर टाकीत घालतात. नाहीतर सरळ झाकून अंधारात दोन-तीन आठवडे ठेवतात. जिवाणूंचा पूर चढतो, अन्न संपलं की ओसरतो, गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी नळीने काढून, हवेचे बुडबुडे देऊन मग वापरायचं. तीन-चार दिवसांचं, अर्धवट मुरलेलं पाणी मात्र सगळ्यात वाईट. आमचा एक कॅन अंधारात ठेवला होता. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास आला. तिसऱ्या आठवड्यात उघडलं तेव्हा वास गेलेला होता, पाणी काचेसारखं आणि तळाशी नखभर तपकिरी साका.

जाकार्ताच्या ली चिन एंग यांचं काम मला इथे आठवतं. १९६१ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या 'ट्रॉपिकल फिश हॉबिइस्ट' मासिकात आपली पद्धत लिहिली. घरच्या टाकीत समुद्राचं खरं पाणी, समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले दगड, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे. बाकी काही नाही. जिवंत प्रवाळ घरात टिकत नाही अशीच समजूत तेव्हा होती. त्यांनी ते टिकवलं. पाण्याची सफाई त्या दगडांच्या छिद्रांतले जिवाणू करत होते. आजच्या प्रवाळटाक्या अजूनही त्याच तत्त्वावर चालतात.

एक हिशेब मात्र कितीही चांगलं पाणी आणलं तरी सुटत नाही. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं आणि त्यासाठी लागणारं कार्बोनेट पाण्याच्या अल्कलिनिटीतून, म्हणजे त्यात विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्यातून घेतं. वीस लिटर पाण्यातली सगळी अल्कलिनिटी शेवटच्या कणापर्यंत खर्च केली तरी जेमतेम सव्वादोन ग्रॅम सांगाडा तयार होईल. हरणाच्या शिंगांसारखं झपाट्याने वाढणारं प्रवाळ टाकीत असेल तर पाणी काही दिवसांतच निकस होतं. खुल्या समुद्रात प्रत्येक लाट ताजं पाणी आणते, टाकीत ते काम माणसाला रोज मोजून करावं लागतं. बाष्पीभवनाने पातळी उतरली की गोडं शुद्ध पाणी घालायचं, समुद्राचं नाही. उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. नवशिक्यांच्या कितीतरी टाक्या या एका चुकीने खाऱ्या होत होत मेल्या आहेत.

मग पुण्याला कॅन न्यावेत का? माझं स्पष्ट मत सांगतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला, निवळ पाणी आणि होडी हाताशी असणाऱ्याला समुद्राच्या पाण्यासारखं दुसरं काही नाही. घाट चढून जायचं असेल तर आरओच्या पाण्यात चांगलं तयार मीठ घालणं जास्त भरवशाचं. मी ते दोन कॅन नेले ते पाण्यापेक्षा कुतूहलासाठी.

आणि चांगलं पाणी कोणतं, हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवतो. मुंबईत किनारी रस्त्याचं काम सुरू असताना हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आढळलं. २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यातल्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या. ज्या गढूळ पाण्याचा कपभरही कुणी टाकीत घालणार नाही, त्यात ते जगत होतं. त्याला भरती-ओहोटी मिळत होती.

शेवटी दोन विनंत्या. पाणी खुशाल भरा, पण आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ किंवा त्याचा दगड, जिवंत असो वा मेलेला, उचलू नका. दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. आणि टाकीतलं जुनं पाणी, शेवाळ, नकोसे झालेले जीव समुद्रात किंवा खाडीत परत सोडू नका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्र संग्रहालयाखाली कॉलेर्पा नावाचं मत्स्यालयातलं शेवाळ एका चौरस मीटरवर दिसलं. पाच वर्षांत ते एका हेक्टरवर पसरलं आणि मग भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने हजारो हेक्टरांवर. टाकीतलं शेवाळ उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात टाका आणि पाणी घरातल्या मोरीत ओता.