मागावं कोणाला लागतं

लासूर आणि लासूर स्टेशन ही दोन निराळी ठिकाणं आहेत, हे गंगापूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. देवीचं लासूर जुनं. स्टेशनचं लासूर रुळांमुळे वसलं आणि कांदा-कापसाच्या बाजारावर वाढलं. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तिथे उभं राहून दोन ट्वेंटी-20 विश्वचषकांमधला 2007 ते 2024 हा काळ पाहिला, तर तो मुंबईतून दिसतो त्यापेक्षा वेगळा दिसतो. इथून आधी दिसतो तो रूळ तपासणारा कीमन. तो हातोडा-पाना, लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके घेऊन आपल्या टापूत पायी निघतो. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. सैल झालेली क्लिप दिसली की ठोकून बसवायची. काम चोख झालं याची खूण एकच, की काही घडलं नाही. आणि काही घडलं नाही याची बातमी होत नसते.

24 सप्टेंबर 2007 रोजी जोहान्सबर्गला भारताने पहिला ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकला. दोनच दिवसांनी उघड्या बसमधून निघालेली मिरवणूक बघायला मुंबई रस्त्यावर आली. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर एकदिवसीय विश्वचषकही आला. क्रिकेट मंडळाने प्रत्येक खेळाडूला एक कोटी जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत त्याचे दोन कोटी केले. या दोन विजयांच्या मधला काळ जवळपास पूर्णपणे व्यापणारा एक आकडा डॉ. अनिल काकोडकर यांच्या रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी 2012 च्या अहवालात दिला आहे: ऑक्टोबर 2007 ते ऑक्टोबर 2011 या चार वर्षांत कामावर असताना सुमारे 1,600 रेल्वे कर्मचारी मेले. म्हणजे दररोज एकाहून जास्त. एकदम मेले असते तर राष्ट्रीय दुखवटा झाला असता. एकेक करून मेले, म्हणून तो अहवालातला एक परिच्छेद झाला.

कामगाराचं कौतुक होतच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 17 एप्रिल 2021 ला वांगणी स्थानकात पॉइंट्समन मयूर शेळके समोरून येणाऱ्या गाडीपुढे धावला आणि रुळावर पडलेलं मूल त्याने वर ढकललं. देशाने ते दृश्य पुन्हापुन्हा पाहिलं. रेल्वेकडून पन्नास हजार मिळाले, त्यातले निम्मे त्याने त्या मुलालाच देऊ केले. पण हे कौतुक त्या काही सेकंदांचं होतं आणि ते कॅमेऱ्यात सापडले म्हणून होतं. रोज झेंडी दाखवणारा पॉइंट्समन त्यात कुठेच नव्हता. कामगाराला मान हवा असेल तर त्यानेही क्षणभर खेळाडूसारखं चमकायला हवं, अशी आपली अट दिसते.

करोनाच्या साथीत ही अट सुटल्यासारखी वाटली होती. 3 मे 2020 ला हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुलं पडली. पाचच दिवसांनी, 8 मेच्या पहाटे, याच मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे कामगार भुसावळहून गाडी मिळेल या आशेने निघाले होते. 16 जण गेले. प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं बचावलेल्यांनी सांगितलं. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. पेट्रोलियमच्या रिकाम्या टाक्यांची ती गाडी मनमाडजवळच्या पानेवाडीकडे, म्हणजे लासूर स्टेशनवरूनच पुढे, जायची होती. सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख तातडीने जाहीर केले. जिवंत असताना मागितलेल्या कागदाला मात्र तातडी नव्हती.

इथेच माझा मुद्दा पैशाकडून तातडीकडे वळतो. 29 जून 2024 ला भारताने बार्बाडोसमध्ये पुन्हा विश्वचषक जिंकला. मंडळाने 125 कोटी जाहीर केले, 4 जुलैला मरीन ड्राइव्ह भरून वाहिला आणि 5 जुलैला विधान भवनात राज्य सरकारने 11 कोटी जाहीर केले. यावर संतापणाऱ्यांनी आधी भागाकार करावा. राज्यात आशा स्वयंसेविका सुमारे सत्तर हजार आहेत; 11 कोटी वाटले तर प्रत्येकीला सोळाशेही मिळत नाहीत. उलट त्याच वर्षी मार्चमध्ये मंजूर झालेल्या दरमहा पाच हजारांच्या वाढीचा खर्च वर्षाला चारशे कोटींवर जातो. तेव्हा सरकारने आशांवर कमी खर्च केला, हा आरोप टिकत नाही. पण त्या वाढीसाठी ऑक्टोबर 2023 मध्ये संप करावा लागला. मग आश्वासन मिळालं, जानेवारीत पुन्हा संप झाला, त्यानंतर आझाद मैदानात ठिय्या. तिकडे अंतिम सामन्यापासून घोषणेपर्यंत सहा दिवस लागले, इकडे पाच महिने. त्यातही आशांना वेतन नाही, ‘मानधन’ आहे. नावातच मान घातला की धनाला उशीर चालतो.

खेळाडूंना बाजार देतो, आपण कोण आडवे येणार, असा आक्षेप येतो. आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. तो बाजारच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विधान भवनातले 11 कोटी बाजाराचे नव्हते. क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क राज्य सरकारने 2023 मध्ये थेट 2011 पर्यंत मागे जाऊन कमी केलं, तेही बाजाराने केलं नाही. उच्च न्यायालयाला त्याचा जाब विचारावा लागला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: असा फलंदाज लाखांत एक असतो आणि त्याची कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची. दुर्मिळतेला भाव मिळावा, हे मान्यच. पण भाव आणि तत्परता या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जाला आठवड्यात उत्तर मिळण्यासाठी दुर्मिळ असण्याची अट कशाला?

दुर्मिळता हेच खरं कारण असतं, तर स्वप्नील कुसाळेची गोष्ट वेगळी झाली असती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज 2015 पासून रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्याने ऑलिम्पिक कांस्य मिळवलं आणि रेल्वेने लगोलग बढती दिली. विधान भवनातल्या 11 कोटींना महिनाही झाला नव्हता. त्याला राज्याने आधी एक कोटी जाहीर केले, मग त्याचे दोन कोटी झाले. ऑक्टोबरमध्ये त्याचे वडील जाहीरपणे विचारत होते, की हरियाणा पाच कोटी देतं, मग महाराष्ट्र दोनच का?