रांगेतले चिरंजीव

‘मुलाचे वडील अमेरिकेचे नागरिक आहेत,’ एवढे वाक्य लग्नाच्या बैठकीत उच्चारले गेले की मुलीकडची मंडळी जरा सावरून बसतात. चिरंजीव आज ना उद्या तिकडे जाणार, नोकरीला लागणार, कन्येचे भाग्य उजळणार, असा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो. वाचकहो, या हिशेबात एक मोठी चूक असते. बापाच्या नागरिकत्वामुळे सज्ञान मुलाला मिळते ती केवळ रांगेतली एक जागा. आणि अंगावर अक्षता पडल्या की ती रांगही बदलते!

पालघर तालुक्यातल्या माकुणसारचे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. १९४६ च्या कायद्याने भारताच्या वाट्याला अमेरिकेत वर्षाकाठी अवघ्या शंभर जागा आल्या होत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि देशवार कोट्याची ती जुनी पद्धत मोडली. पुढे शेजारच्या तारापूरला अमेरिकन कंपनीने उभारलेले अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. अमेरिका अशी इकडे येत असताना इकडचे डॉक्टर-इंजिनियर तिकडे निघाले, आणि त्यांच्यामागून त्यांची भावंडे.

समजा, आपल्या या घरची लेक अशीच गेली, नागरिक झाली आणि तिने गावातल्या भावासाठी अर्ज केला. भावंडांच्या वर्गात साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० जागा, आणि एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा. भारतीय भावाचा नंबर लागायला पंधरा-वीस वर्षे सहज जातात. अर्ज केला तेव्हा भाचा दहा वर्षांचा होता. बोलावणे आले तेव्हा अठ्ठावीस. आईबापांबरोबर जाता येते ते एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलाला. २००२ च्या कायद्याने थोडी सवलत दिली. पण वयातून वजा होतो तो फक्त कचेरीने अर्ज तपासण्यात घालवलेला काळ, रांगेत गेलेली वर्षे नव्हेत. आईबाप विमानात बसतात, चिरंजीव वाडी सांभाळायला मागे राहतात.

मग वडील मुलासाठी अर्ज करतात. ते केवळ कायमचे रहिवासी आहेत तोवर मुलाने लग्न केले, तर अर्जच बाद होतो; रहिवाशाच्या विवाहित मुलासाठी वर्गच नाही. सामान्यतः पाच वर्षांनी वडिलांना नागरिकत्व मागता येते. ते मिळाले की अविवाहित मुलाला एक रांग आणि विवाहिताला दुसरी, दोन्हींत मूळ २३,४०० जागा. पहिलीत हल्ली आठ-नऊ वर्षे जातात, दुसरीत त्याहून बरीच अधिक. मात्र नागरिकाच्या मुलाने लग्न केले तर अर्जाची मूळ तारीख कायम राहते, आणि सून व लहान नातवंडेही त्याच अर्जावर जाऊ शकतात.

दुसरा गैरसमज नोकरीचा. अर्ज मंजूर झाला म्हणजे कामाचा परवाना मिळाला, असे नव्हे. त्या मंजुरीने रांगेतली तारीख तेवढी पक्की होते. नंबर लागल्यावर मुंबईच्या वकिलातीतून स्थलांतराचा व्हिसा घेऊन गेलेला मुलगा पोहोचताच काम करू शकतो. कायदेशीरपणे तिथे असलेल्याला नंबर आल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करून त्यासोबत कामाची परवानगी मागता येते. पाहुणा म्हणून जाऊन नोकरी धरणे मात्र बेकायदा. शिवाय रांगेतला अर्ज पाहून, हा परत येईल का, अशी शंका घेत अधिकारी पाहुण्याचा व्हिसाही नाकारू शकतो.

मग करावे काय? अर्जाच्या तारखेचा कागद जपून ठेवावा. मुलीकडच्यांना बैठकीतच सारे स्पष्ट सांगावे. बोईसरची हातातली नोकरी भरवशावर सोडू नये. आणि वडिलांना नागरिकत्व मिळाले असेल, तर केवळ रांग लांबेल म्हणून मुलाला पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचे ठेवावे का, याचा विचार प्रत्येक घराने आपापला करावा. ‘तारीख किती पुढे सरकली रे?’ असे दर महिन्याला फोनवर विचारणाऱ्या आईला कधीतरी मुहूर्ताची तारीखही कळू द्यावी. चिरंजीवांना तिकडे जायला उशीर लागेल; पण मांडव माकुणसारच्या अंगणात पडला, तर आईबापांना त्यासाठी इकडे यायला कुठली रांग आडवी येते?