मुलांच्या दप्तरात शेत कसे येईल?

गेल्या ऑगस्टात आम्ही केरीच्या आसपासच्या एका प्राथमिक शाळेत गेलो होतो. चौथीचा वर्ग चालू होता. एक मुलगी उभी राहून सफरचंदाच्या बागेची गोष्ट वाचत होती, आणि वाचन छान होते. खिडकीबाहेर दहा पावलांवर भात पोटरीला आले होते. आम्ही सहज विचारले, "मुलांनो, ते बाहेर काय उगवले आहे?" एक मुलगा उठून म्हणाला, "गवत." वर्गात कोणी हसले नाही. त्यात हसण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही, आणि हेच आम्हाला अधिक बोचले.

शास्त्राच्या दृष्टीने मुलगा चुकला नव्हता. भात हे गवताच्याच कुळातले. पण तो काही शास्त्र सांगत नव्हता. ज्या धान्याची पेज पिऊन तो शाळेत आला होता, ते धान्य त्याला उभे असताना ओळखता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोष शिक्षकांचा म्हणावा, तर ते सफरचंदाचे पुस्तक आम्हीच दिलेले होते! वर्षापूर्वी आम्ही काही जणांनी वर्गणी काढून निसर्ग व शेतीवरच्या पुस्तकांचा एक गुळगुळीत, रंगीत संच त्या शाळेला भेट दिला होता. त्यात गहू कापणारे यंत्र होते, बर्फातले अस्वल होते, स्ट्रॉबेरी होती. माड नव्हता, मानस नव्हती, नाचणी नव्हती. पुस्तके वाईट नव्हती. आम्ही निवड करताना विचार केला नव्हता. तो विचार आता तरी करावा म्हणून हा लेख.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

सगळी मुले शेतकरी व्हावीत असे आमचे म्हणणे नाही. कोणी बोटीवर जाईल, कोणी हॉटेलात, कोणी परदेशी. पण २०२३ साली मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या पेडण्यात जमिनीला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही, हे आपण सारे जाणतो. आज चौथीत असलेले मूल उद्या त्या जमिनीच्या कागदावर सही करणार आहे. ज्याला ते शेत म्हणजे नुसते गवत वाटते, तो सही करताना कशाचा विचार करील? ठेवायचे की द्यायचे हे त्याने पुढे ठरवावे. पण काय ठेवतो आणि काय देतो, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. ज्या अन्नाचे नाव मुलाला माहीत नाही, ते अन्न ते ताटात बाजूला सारते, आणि पाकिटातले मागते.

पुस्तक निवडताना तीन प्रश्न

पहिला: हे पुस्तक मिटल्यावर मुलाला दाराबाहेर जाऊन काही पाहावेसे वाटेल काय? दुसरा: जे पाहायचे ते आपल्या गावात चालत जाण्याच्या अंतरावर आहे काय, किंवा त्याच्यासारखे दुसरे काही आहे काय? तिसरा: पाहून आल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांना विचारण्यासारखे काही उरते काय? तिन्हींना 'होय' उत्तर मिळाले, तर पुस्तक जपानचे असो की अमेरिकेचे, ते आपल्या कामाचे. मराठीत सहज मिळणारी दोन पुस्तके या कसोटीला उतरतात.

'तोत्तोचान' आणि जेवणाचा डबा

तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या बालपणीच्या शाळेवर हे पुस्तक लिहिले. जपानीत ते १९८१ साली निघाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. टोकियोतल्या या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पालकांना सांगत, की मुलाच्या डब्यात समुद्रातले थोडे आणि डोंगरावरचे थोडे असू द्या. चौरस आहाराचा सगळा धडा त्यांनी या एका सूचनेत बसवला. याच मुख्याध्यापकांनी शेजारच्या एका शेतकऱ्याला शाळेत आणले आणि मुलांना सांगितले, की हे तुमचे शेतीचे शिक्षक.

केरीच्या मुलांना हे पुस्तक परके का वाटावे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तेरेखोलची नदी, मागे काजूचा डोंगर. तिसरी-चौथीच्या वर्गात शिक्षकांनी हे प्रकरण मोठ्याने वाचावे आणि मग मुलांनी आपापले डबे उघडावेत. नाचणीची भाकरी डोंगरावरची. सुक्या सुंगटांचे किस्मूर समुद्रातले, त्यातला नारळ बागायतीतला. तांबडी भाजी मळ्यातली, तारले समुद्रातले. बिस्किटाचा पुडा कुठला? तो फळ्यावर वेगळ्या रकान्यात लिहावा. मुलाला रागावू नये. रकाना आपले काम करतो.

इथेच आरोग्याची माहिती सांगता येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास. काट्यांसकट खाल्लेल्या लहान मासळीतूनही हाडांना कॅल्शियम मिळते. उकडा तांदूळ आपले वाडवडील का खात, याचेही कारण आहे. भात उकडताना कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि पुढे सडताना सगळे वाया जात नाही. हे ऐकलेले मूल घरी जाऊन आजीला विचारील, आणि आजीला ते करून कसे दाखवायचे हे पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक असेल.

'एक होता कार्व्हर' आणि अळसांद्याची मुळे

वीणा गवाणकर यांचे हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी घरांत ते वाचले जात आहे. सातवीच्या पुढच्या मुलांना ते स्वतः वाचता येईल. लहानांना शिक्षकांनी गोष्ट सांगावी. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेत गुलामीत झाला. मोठ्या कष्टाने शिकून ते १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत शेतीचे अध्यापक झाले आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. वर्षानुवर्षे कापूस घेऊन तिथली जमीन निःसत्त्व झाली होती. कार्व्हरनी गरीब शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी व रताळी लावायला शिकवले, साध्या भाषेत पत्रिका लिहिल्या, आणि १९०६ पासून गाडीत अवजारे व बियाणे भरून शेतीची शाळाच खेडोपाडी पाठवली. खेड्यातल्या शाळांत निसर्ग व बागकाम कसे शिकवावे यावरही त्यांनी १९१० साली पत्रिका काढली.

आता हे पुस्तक मिटून शेतात चला. सरदीचे भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपण अळसांदे, मूग, कुळीथ टाकतो. का टाकतो? कार्व्हरनी जे सांगितले तेच आपले आजोबा करीत होते. अळसांद्याला फूल येण्याच्या सुमारास एक रोप हिसकून न काढता खोऱ्याने मातीसकट उचलावे आणि बादलीतल्या पाण्यात हलके धुवावे. मुळांवर मोहरीएवढ्या, कुठे त्याहून मोठ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग असेल, तर गाठीतले सूक्ष्म जीव काम करीत आहेत, म्हणजे हवेतला नत्र पिकाला मिळवून देत आहेत. आत हिरवट किंवा तपकिरी असेल, तर त्यांचे काम थांबले आहे. मात्र एक खूण लक्षात ठेवावी: ही गाठ बोटाने चोळली की सुटून येते. मूळच सुजल्यासारखे असेल आणि गाठ सुटत नसेल, तर तो सूत्रकृमीचा रोग समजावा. मुलाने ही खूण ओळखली, तर बापाच्याही उपयोगी पडेल.

कोसबाडचा अनुभव

पुस्तक नसले तर शाळा अडते काय? अडत नाही, हे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ साली डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शिक्षकच कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हेच त्यांचे साहित्य. मोजायचे तर बिया मोजा, जोडायचे तर पानांच्या जोड्या लावा.

सरकारी पाठ्यपुस्तकांतही असे चांगले धडे येऊन गेले. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर निघालेल्या परिसराच्या पुस्तकांत कर्नाटकातल्या बसवाच्या कांद्याच्या शेताचा धडा होता, आणि बाजरीचा दाणाच शेतकऱ्याची कथा सांगतो असा गुजरातचा एक धडा होता. त्या इयत्तांना आता नवी पुस्तके आली आहेत. जुनी कोणाच्या घरी असतील तर रद्दीत घालू नका. पण बसवाचा कांदा झाला, बाजरीचा दाणा झाला. हरमलची मिरची कुठे आहे? आपल्या शेजारच्या गावाच्या या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खाजनाच्या खाऱ्या पाण्यात तग धरणारे कोरगुट भात कुठे आहे? त्याच कोरगुटातून निवड करून जुन्या गोव्याच्या संशोधन संस्थेने 'गोवा धान १' हे वाण काढले. हे शोधत बसण्यापेक्षा ते आपणच लिहावे.

आपले पुस्तक आपणच करू

गोव्याला हे नवे नाही. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला तो १५५६ साली, आणि १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनस्पती व औषधींवरचा ग्रंथ इथेच छापला गेला. त्यात नारळ, आंबा, फणस, चिंच आहेत. विशेष म्हणजे तो ग्रंथ संवादाच्या रूपात आहे: एकजण विचारतो, दुसरा सांगतो, आणि मधेच फळ आणून दाखवले जाते. मुलांचे पुस्तक याहून वेगळे कशाला हवे? मूल विचारील, शेतकरी सांगेल, मूल लिहून घेईल.

शंभर पानी वही पुरे. काही पाने आम्ही सुचवतो:

१. आपल्या वाड्यावरची भाताची नावे: कोण कोणते पेरतो, पूर्वी कोणते पेरत, आणि ते का सोडले.

२. उगवण-चाचणी: पेरणीआधी बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत व गोणपाट ओले राखावे. आठवड्याने कोंब मोजावेत. ऐंशी किंवा अधिक आले तर बियाणे चांगले. कमी आले तर बी वाढवावे किंवा बदलावे. शेकडेवारीचे गणित यातच होऊन जाते.

३. नावांची सफर: काजू, अननस, बटाटा ही नावे पोर्तुगिजांबरोबर आली. मिरची व काजू ही दोन्ही मूळची अमेरिकेची. हरमलची झालेली मिरची इतक्या लांबून आली, हे मुलांना चकित करील.

४. पावसाळ्यातल्या रानभाज्या: तायकिळा, अळू, फागला. चित्र, मिळण्याचा महिना, आणि घरी शिजवण्याची पद्धत.

५. मानस कशी चालते: भरतीला दार का मिटते, ओहोटीला का उघडते, आणि बांध फुटला तर कोणाकोणाच्या शेतात खारे पाणी शिरते.

सांभाळण्याच्या गोष्टी

रानभाजी मुलांनी स्वतः चाखू नये. जाणत्या बाईने ओळखून दिलेलीच घरी न्यावी. कच्च्या काजूबीच्या टरफलातले तेल कातडी भाजते, म्हणून बी फोडण्याचा प्रयोग वर्गात करू नये. पावसाळ्यात पायाला जखम असलेल्या मुलाला शेताच्या पाण्यात उतरवू नये. उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोचा ताप त्यातून होतो. औषधाच्या रिकाम्या बाटल्या व डबे शाळेच्या बागेत कशालाही वापरू नयेत. मातीचे काम झाले की साबणाने हात धुवावेत, मगच डबा उघडावा.

आपल्याकडून एक तास

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे काम शिक्षकांवर टाकून चालणार नाही. त्यांच्यापैकी अनेकजण बाहेरगावचे असतात. आपल्या मेरेवरचे त्यांना कोण सांगणार? शाळेत बोलावले तर "आम्हाला काय येते" असे म्हणू नका. टोकियोचा तो शेतकरीही प्रथम संकोचलाच होता. वर्षातून एक तास द्या. एक रोप, मूठभर बी, एक जुने अवजार घेऊन जा, आणि मुलांना विचारू द्या.

ऑगस्टात कणसांचे फेस्त येते, तेव्हा आपली मुले नवी कणसे हातात घेऊन देवळात येतात. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडेही चवथीच्या दिवसांत नवे करतात. येत्या फेस्ताला फिर्गजेतल्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारू: तुझ्या हातातले कणीस कोणत्या भाताचे, आणि कोणाच्या शेतातले? उत्तर देता यावे एवढी तयारी त्याआधी आपण करून घेऊ. आणि जे वहीत लिहिले जाईल, त्यातले थोडे या पानावर छापायला पाठवा. आम्ही जागा राखून ठेवली आहे.