मरतात अंडी-पिल्लं, मग वाचवायचं कोणाला?

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत मला सर्व्हायव्हरशिप कर्व्हचे प्रकार विचारले. तोंडपाठच होते. टाइप १ म्हणजे माणूस, हत्ती: बहुतेक मृत्यू म्हातारपणी. टाइप २ म्हणजे बरेचसे पक्षी: मरण्याची शक्यता कुठल्याही वयात साधारण सारखी. टाइप ३ म्हणजे मासे, समुद्री कासवं: बहुतेक जण लहानपणीच जातात. (उभा अक्ष लॉग स्केलचा असतो, हे विसरू नका. टाइप २ ची सरळ रेघ साध्या ग्राफवर वाकडी दिसते.)

पुढचा प्रश्न आला, "मग कासवं वाचवायची तर कुठे?" मी म्हटलं, "किनाऱ्यावर. अंडी जपायची." समोरचे सर नुसतेच हसले.

ते का हसले, हे क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांचा १९८७ चा पेपर वाचल्यावर कळलं. विषय अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरची लॉगरहेड कासवं. या तिघांनी कासवाचं आयुष्य सात टप्प्यांत मांडलं आणि मॅट्रिक्स मॉडेलमध्ये एकेका टप्प्यातलं जगण्याचं प्रमाण बदलून पाहिलं. पहिल्या वर्षात एकही अंडं, एकही पिल्लू मरत नाही असं धरलं, तरी संख्या घटतच राहिली! उलट अर्धवट वाढलेल्या कासवांचे मृत्यू थांबवले, तर घट थांबत होती.

असं का? मॉडेलमधली मादी पहिल्यांदा अंडी घालते २२ व्या वर्षी. आज वाचवलेलं पिल्लू तिथवर पोचायला दोन दशकं, आणि वाटेत कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत अडकून बुडायची भीती. मोठ्या पिल्लांनी यातला बराच रस्ता कापलेला असतो. वक्र सांगतो मृत्यू कुठे जास्त आहेत. कुठल्या टप्प्यातल्या बदलाने वाढीचा दर सर्वांत जास्त हलतो, हे इलॅस्टिसिटी सांगते. दोन्ही एकच समजणं हीच माझी चूक. त्या सुमारास अमेरिकेत ट्रॉल जाळ्यांना कासवांसाठी सुटकेची वाट ठेवण्याचे नियमही आले.

आर आणि के स्ट्रॅटेजीच्या डब्यांतही कासव बसत नाही, बरं का. अंडी ढीगभर, पण वयात येणं उशिरा आणि आयुष्य लांब.

आपल्याकडे वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी जपतात. हा पेपर दाखवून ते काम फुकट ठरवू नका. प्रजात वेगळी, आणि सगळीच अंडी उकरून नेली तर पुढचे टप्पे येणार कुठून? पण कोकणात यावर प्रकल्प करायचा असेल, तर घरट्यांसोबत ट्रॉलरच्या जाळ्यांत किती कासवं सापडतात, तेही मोजावं लागेल.