गल्ला म्हणजे नफा नव्हे : कॉमर्स शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या अब्बांसाठीही

अकरावी कॉमर्सच्या मुलांना आम्ही पहिल्याच आठवड्यात विचारतो, घरी धंदा कोणाकोणाचा आहे? मुळशी तालुक्यात, पौड-पिरंगुटच्या पट्ट्यात आपल्या समाजातली बरीच मुलं हात वर करतात. कोणाचं चिकनचं दुकान, कोणाचं गॅरेज, कोणाची बेकरी, कोणाचा भंगाराचा व्यवहार, कोणाचे अब्बा फळांची गाडी लावतात. मग दुसरा प्रश्न : गेल्या महिन्यात नफा किती झाला? इथे सगळे हात खाली जातात. फार तर एखादा म्हणतो, "सर, रोज चार हजार येतात गल्ल्यात."

हीच मुलं पुढे वर्षभर ‘व्यवसायाची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाचं उत्तर पाठ करतात. गुणही मिळवतात. पण पुस्तकातला ‘व्यवसाय’ आणि अब्बांचं दुकान ही एकच गोष्ट आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तो दोष मुलांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात सोप्या गोष्टीने करू. पैसे मिळवण्यासाठी माणूस जे काम करतो त्याचे पुस्तकात तीन प्रकार सांगितलेत : व्यवसाय, पेशा आणि नोकरी. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये (तो आपल्याच तालुक्यात येतो) महिन्याच्या पगारावर काम करणारा इंजिनिअर नोकरी करतो. स्वतःचा दवाखाना चालवणारे डॉक्टर किंवा सनद घेतलेले वकील पेशा करतात. गॅरेजवाला व्यवसाय करतो. तिघंही मेहनत करतात, मग फरक काय? फरक जोखमीचा. नोकरदाराचा पगार ठरलेला असतो. गॅरेजवाल्याला महिनाअखेरीस काय उरेल हे कोणी लिहून दिलेलं नसतं. काहीच उरलं नाही तरी जागेचं भाडं द्यावंच लागतं.

आता उद्योग, व्यापार आणि वाणिज्य. या तीन शब्दांत मुलं हमखास गोंधळतात. आपण मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ घेऊ. शेतकरी भात पिकवतो, गिरणीत त्याचा तांदूळ होतो, इथपर्यंत उद्योग. तो तांदूळ घाऊक व्यापारी घेतो, त्याच्याकडून किराणावाला घेतो, किराणावाल्याकडून आपण घेतो. ही खरेदी-विक्री म्हणजे व्यापार. आणि मधे जो टेम्पो लागतो, गोदाम लागतं, बँक लागते, विमा लागतो, जाहिरात लागते, ते सगळं व्यापाराला मदत करणारं. व्यापार आणि ही मदतनीस कामं मिळून वाणिज्य. पीक हिवाळ्याच्या तोंडावर निघतं, पण आपल्याला भात बाराही महिने लागतो. तो साठवून जूनमध्ये विकणारा माणूस तांदळाचा एक दाणाही पिकवत नाही, तरी त्याच्या कामाला किंमत आहे. तांदूळ योग्य वेळी, योग्य जागी मिळणं हीसुद्धा एक निर्मितीच. हां, टंचाई करून भाव चढवण्यासाठी माल दाबून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि दीननेही ती वेगळीच मानली आहे.

आंबेमोहोराचं आणखी एक सांगायला हवं. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो म्हणून हे नाव. उत्पन्न कमी, भाव जास्त. त्यामुळे दुसराच बारीक तांदूळ या नावाने विकण्याचा मोह बाजारात कायम असतो. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालं ते या नावाला संरक्षण असावं म्हणूनच. नावाला पैशांत मोल असतं; पुस्तकात त्याला ‘ख्याती’ म्हणतात. ख्यातीकडे पुन्हा येऊ.

जाता जाता भाषेची एक गंमत. मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांना वाटतं की पुस्तपालनाचे शब्द अवघड आहेत. पण जमा, खर्च, नफा, बाकी, वसूल, रक्कम, माल, हिशेब, दलाल, दुकान हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत. उर्दू वाचणाऱ्या घरात ते रोज बोलले जातात. ऋणको-धनको तेवढे नवे. ऋणको म्हणजे ज्याच्याकडून आपल्याला पैसे यायचे आहेत तो, आणि धनको म्हणजे ज्याला आपण द्यायचे आहेत तो. एवढं एकदा पक्कं केलं की अर्धी भीती जाते.

आता त्या चार हजारांच्या गल्ल्याकडे. समजा एका किराणा दुकानाची रोजची विक्री 4,000 रुपये. महिन्याची 1,20,000. ही झाली उलाढाल. विकलेल्या मालाची खरेदी किंमत 90,000. उरले 30,000, हा ढोबळ नफा. त्यातून दुकानाचं भाडं 8,000, वीज 1,500, कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार 9,000, टेम्पोभाडं 1,500, असे 20,000 गेले. निव्वळ नफा 10,000. आता घरात बघा : गल्ल्यातून भाजी, शाळेची फी, गॅस, कोणाच्या तरी शादीचा आहेर, असे महिन्याला 18,000 काढले जातात. म्हणजे दर महिन्याला 8,000 रुपये नफ्यातून नाही, भांडवलातून जातात. वर्षाला 96,000. दुकानाच्या फळ्या हळूहळू रिकाम्या होतात आणि घरात म्हणतात, बरकत राहिली नाही, कोणाची तरी नजर लागली. नजर लागली असेल-नसेल, आम्ही त्यावर बोलत नाही. पण 8,000 चा हिशेब मात्र वहीत सापडतो.

म्हणूनच पुस्तपालनात सुरुवातीलाच सांगतात की व्यवसाय वेगळा आणि मालक वेगळा. अब्बांनी दुकानात घातलेले पैसे म्हणजे भांडवल. दुकान अब्बांचं देणं लागतं. अब्बांनी घरासाठी काढलेले पैसे म्हणजे ‘उचल’. मुलांना हे विचित्र वाटतं. आपलंच दुकान, आपलाच गल्ला, मग लिहायचं कशाला? दुकान जगतंय की मरतंय हे कळावं म्हणून लिहायचं.

उधारीचंही तसंच. नफा झाला म्हणजे रोख हातात आली असं नाही. वहीत दहा हजार नफा आणि उधारीत पंधरा हजार अडकलेले, असं सर्रास होतं. न येणारी उधारी म्हणजे बुडीत कर्ज, ते नफ्यातून वजा करायचं. आणि देणी फेडण्याची ताकदच संपली की नादारी. हे फक्त टपरीवाल्याचं होतं असंही नाही. आपल्याच तालुक्यात डोंगरात वसवलेल्या लवासाच्या कंपनीचं प्रकरण ऑगस्ट 2018 मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल करून घेतलं. फरक इतकाच की कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याच्या भागापुरतं असतं. एकट्याच्या दुकानात किंवा साध्या भागीदारीत देणेकरी मालकाच्या घरापर्यंत येऊ शकतो.

जकातीच्या वेळी तर हिशेब लागतोच. रमजानमध्ये आम्हाला दरवर्षी विचारलं जातं, "सर, दुकानाची जकात कशी काढायची?" मसला मुफ्तीसाहेबांना विचारावा, आम्ही शिक्षक आहोत. पण आकडे कुठून आणायचे ते सांगू शकतो. काउंटर, फ्रीज, वजनकाटा या वापराच्या वस्तूंवर जकात नाही. विक्रीचा माल, रोख आणि येणारी उधारी धरतात, द्यायची देणी वजा करतात, निसाबपेक्षा जास्त असेल तर चंद्रवर्षाला अडीच टक्के. इथे कॉमर्सच्या मुलाने एक फरक ओळखावा. आपल्या पुस्तकात शिल्लक माल खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांतल्या कमी किमतीला दाखवतात. जकातीसाठी मात्र त्या दिवसाचा बाजारभाव धरतात. माल तोच, पण हेतू वेगळा म्हणून किंमत वेगळी.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसलो ती.

आमची बारावीची एक विद्यार्थिनी भागीदारीचा धडा झाल्यावर तासानंतर थांबली. म्हणाली, "सर, लेखी करार नसेल तर भागीदाराला पगार मागता येत नाही, हे खरंच आहे की फक्त परीक्षेसाठी?" घरी गॅरेज. अब्बा सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत तिथेच. चाचांनी सौदीत कमावलेला पैसा घातलेला, पण ते स्वतः महिन्यातून एकदा येतात. बारा वर्षांपूर्वी दोघा भावांनी अम्मीजानसमोर ठरवलं, "मिळून करू." कागद एकही नाही. आता चाचांना पैसे परत हवेत, आणि अब्बा म्हणतात की घाम तर मी गाळला.

उत्तर असं की ते खरं आहे. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यात ते लिहिलेलं आहे. भागीदारांनी वेगळं काही ठरवलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा, मग कोणी पैसा जास्त घातलेला असो की कोणी श्रम. काम करणाऱ्या भागीदाराला वेगळा पगार नाही. भांडवलावर व्याज नाही. आणि एखाद्या भागीदाराने भांडवलाखेरीज जास्तीची रक्कम धंद्याला दिली असेल, तर त्या रकमेवर सालीना सहा टक्के व्याज! बारावीच्या उदाहरणात हा सहा टक्क्यांचा आकडा मुलं यंत्रासारखा लावतात. आपल्या घरांना तो चालणार आहे का? चालणार नसेल तर ‘कोणत्याही रकमेवर व्याज नाही’ हे वाक्य करारात स्वतःच लिहावं लागेल. कायदा मोकळीक देतो, पण आपण गप्प राहिलो तर आपल्या वतीने तोच बोलतो.

कोणी म्हणेल, तोंडी करारही करारच असतो. बरोबर. वर्षानुवर्षांच्या वागण्यावरूनही करार मानता येतो. पण सिद्ध कसा करणार? ज्या अम्मीजानसमोर ठरलं त्या आज हयात नाहीत.

आणि इथे आपल्याला तर सबबच नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, नमाजबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत लिहा, लिहिणारा न्यायाने लिहो, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला तिथे न लिहिण्याची सूटही आहे. रोख आणि उधार व्यवहारांतला हा फरक आम्ही पुस्तपालनाच्या सुरुवातीलाच शिकवतो. भावाभावांत कागद करणं म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्यात कुठून आली कोण जाणे.

फिकहमध्ये या दोघा भावांच्या स्थितीला नावंही आहेत. दोघांचंही भांडवल असेल तर मुशारका : नफा ठरलेल्या प्रमाणात, तोटा मात्र ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत असेल तर मुदारबा : नफा ठरल्याप्रमाणे, तोटा झाला तर पैसा पैसेवाल्याचा जातो आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते, अर्थात त्याने हलगर्जी केली नसेल तर. प्रेषित मुहम्मद (स.) हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन व्यापाराला गेले होते, ते याच धर्तीवर. कायद्यात मात्र काही ठरलेलं नसेल तर तोटाही सारखा. म्हणून प्रमाण लिहिलेलं हवं, नफ्याचंही आणि तोट्याचंही.

करार झाला तरी फर्मची नोंदणी हा वेगळा विषय. नोंदणी नसलेल्या फर्मला कराराचे पैसे बुडवणाऱ्या बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरचा माणूस मात्र फर्मवर लावू शकतो. गॅरेजने एखाद्या कंपनीच्या गाड्या उधारीवर दुरुस्त केल्या असतील तर हे फार महागात पडतं.

मुलीचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "सर, चाचा वेगळे झाले तर त्यांना किती द्यायचे?" नुसते घातलेले पैसे परत करून भागत नाही. बारा वर्षांत गॅरेजचं नाव झालंय, गिऱ्हाईक पौडपासून विचारत येतं. ही ती ख्याती. पुस्तकातली साधी रीत अशी : मागच्या काही वर्षांचा सरासरी नफा काढा आणि त्याला ठरलेल्या वर्षांनी गुणा. सरासरी नफा 1,50,000 आणि दोन वर्षांची खरेदी धरली तर ख्याती 3,00,000. पण त्यासाठी मागच्या वर्षांचा नफा माहीत हवा. आणि गॅरेजमध्ये वही एकच, उधारीची. त्यातही नावं अशी : ‘काळी बुलेट’, ‘माण गावचे मामा’, ‘दूधवाला 350’.

आम्ही तिला एवढंच सांगितलं, मागचं सोड, आजपासून सुरू कर. पहिल्या जुम्म्याच्या सुट्टीत तिने अब्बांबरोबर बसून मालाची यादी केली : टायर, ट्यूब, ऑइलचे डबे, ब्रेक शू, जुने सुटे भाग वेगळे, कॉम्प्रेसर आणि हत्यारं वेगळी. दुसऱ्या जुम्म्याला चाचा आले, यादी वाचली आणि म्हणाले, कॉम्प्रेसर तर मी आणला होता, तो भांडवलात धर. तिने धरला. अब्बांचा दरमहाचा पगार किती यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. चाचा बारा हजार म्हणतात, अब्बा अठरा. ख्यातीचं तर अजून नावही निघालेलं नाही. पण आकडे आता कागदावर आहेत आणि कागद तिच्या दप्तरात.