केबल काढली म्हणून मालिका फुकट होत नाही

'तुझ्यात जीव रंगला' ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झाली. वसगड्यात चित्रीकरण होणारी ही मालिका पाहायला तेव्हा कोल्हापुरातल्या बहुतेक घरांना केबल नाहीतर छत्री लागायची. जानेवारी 2021 मध्ये ती संपली, तोवर झी5 हे अ‍ॅप येऊन जवळपास तीन वर्षं झाली होती आणि मालिकेतला राणादा मोबाइलवरही भेटत होता. आता घरोघरी विचारलं जातं, मग केबलचे पैसे कशाला भरायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याची जी उत्तरं तोंडोतोंडी फिरतात त्यांत अर्धं खरं आणि अर्धं ऐकीव असतं. केबल काढल्याने खर्च संपत नाही, तो वेगवेगळ्या ठिकाणी वाटला जातो. म्हणून घरात नेमकं काय पाहिलं जातं, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

गैरसमज: केबल बंद केली की मराठी वाहिन्या बंद.
वस्तुस्थिती अशी की प्रत्येक मोठ्या मराठी वाहिनीचं इंटरनेटवर ठरलेलं घर आहे. झी मराठीच्या मालिका झी5वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर मिळतात. मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रित झालेली 'दख्खनचा राजा जोतिबा' स्टार प्रवाहची, म्हणून ती झी5वर शोधून सापडणार नाही. इंटरनेट नको असेल तर प्रसार भारतीची डीडी फ्री डिश डिसेंबर 2004 पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, दरमहा काही भरायचं नाही. त्यावर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी दिसते, पण झी मराठी किंवा स्टार प्रवाहसारख्या सशुल्क वाहिन्या दिसत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात प्रसार भारतीने वेव्हज हे अ‍ॅपही सुरू केलं, त्यावर दूरदर्शन मोबाइलवर पाहता येतं.

गैरसमज: ऑनलाइन म्हणजे स्वस्त, एकदा पैसे भरले की झालं.
दूरसंचार नियामक ट्रायच्या 2019 च्या नियमांत केबलचं मूळ शुल्क 100 वाहिन्यांना कमाल 130 रुपये होतं, कर धरून 153 च्या आसपास. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. ही कमाल मर्यादा ट्रायने जुलै 2024 मध्ये काढून टाकली. त्या तुलनेत फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हाची तीन महिन्यांना 149 रुपयांची योजना फारच स्वस्त वाटते. पण ती फक्त मोबाइलपुरती होती, टीव्हीवर बघायचं तर 299 ची योजना घ्यावी लागायची. घरात सासूबाई झी मराठी पाहतात आणि सूनबाई स्टार प्रवाह, तर अ‍ॅप दोन लागतात आणि त्यावर ब्रॉडबँडचं बिल येतं. शिवाय मालिका एका अ‍ॅपवर कायम राहीलच असं नाही. कलर्स मराठीच्या मालिका आधी वूटवर होत्या, 2023 मध्ये जिओसिनेमावर गेल्या आणि फेब्रुवारी 2025 पासून जिओहॉटस्टारवर आहेत. म्हणून वर्षभराची वर्गणी एकदम भरण्याआधी दोनदा विचार करावा.

गैरसमज: मालिका पाहिल्या की नेट लगेच संपतं आणि स्मार्ट टीव्हीशिवाय जमत नाही.
साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण 1 जीबी लागतो आणि एचडीला 3 जीबीपर्यंत. जाहिराती वगळता मालिकेचा एक भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो. रोज दोन भाग पाहिले तर साध्या दर्जात पाऊण जीबीच्या आत काम भागतं, पण एचडीत तोच आकडा दोन जीबीच्या वर जातो. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या रिचार्जवाल्यांनी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा 'ऑटो'वर न ठेवता स्वतः ठरवला की तक्रार उरत नाही. टीव्ही जुना असला तरी त्याला एचडीएमआयची खाच असेल, तर स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स लावून भागतं.

गैरसमज: टेलिग्रामवर मिळतं ते बघायला काय हरकत?
मोफत आणि कायदेशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सह्याद्री किंवा वाहिन्यांनी स्वतः यूट्यूबवर टाकलेले भाग मोफतही आहेत आणि रीतसरही. परस्पर उचललेले भाग जाणूनबुजून पसरवणं हा मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 नुसार गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनोळखी ठिकाणाहून घेतलेलं अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ती दिली की बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती पडू शकतो. नुकसान आपल्या जिल्ह्याचंही होतं. मालिकेचं चित्रीकरण चालू असतं तोवर वसगड्यासारख्या गावात आणि चित्रनगरीत लोकांना काम मिळतं, ते काम मालिकेच्या कमाईवरच चालतं.

केबल काढण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला म्हणजे वयस्कर माणसांना रिमोटवरचा आकडा दाबून लागणारी वाहिनी सोपी जाते, अ‍ॅप उघडून मालिका शोधणं जिकिरीचं होतं. दुसरा म्हणजे गावातल्या बातम्या आणि दसऱ्याचा शाही सोहळा स्थानिक केबल-वाहिन्यांनीच घरात पोचवला. स्थानिक वाहिन्या आता यूट्यूबवरही दिसू लागल्याने दुसऱ्या आक्षेपाची धार बोथट झाली आहे. पहिला मात्र कायम आहे, आणि ज्या घरात टीव्ही मुख्यतः आजी-आजोबाच पाहतात तिथे केबल किंवा डीटीएच ठेवणंच शहाणपणाचं. इतर घरांनी महिनाभर पाहिलेल्या मालिकांची यादी करावी, त्या किती अ‍ॅपवर आहेत ते बघावं आणि ब्रॉडबँड धरून बेरीज मांडावी. बेरीज केबलच्या बिलापेक्षा कमी आली तर केबल बिनधास्त काढावी. जास्त आली, तर शेजाऱ्याने काढली एवढ्या कारणावरून ती काढू नये.