बडोदे संस्थानचा एक विद्यावेतन-करारनामा

परदेशी विद्याभ्यासास राजाश्रय मिळाल्याची उदाहरणे निघाली म्हणजे सयाजीराव गायकवाड महाराज व डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव प्रथम येते. परंतु तो प्रसंग ‘महाराजांनी उदार दान दिले’ एवढ्यावरच बहुधा संपविला जातो. मूळ कागद निराळे सांगतो.

तो कागद म्हणजे ४ जून १९१३ रोजी बडोदे येथे झालेला करारनामा होय. विद्यार्थ्याने नेमलेल्या विषयांचाच अभ्यास करावा व तो पुरा होताच दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशा त्यात अटी आहेत. मोबदला दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. म्हणजे एकूण ४१४ पौंड. धर्मशास्त्राप्रमाणे स्वस्वत्व सोडून परस्वत्व उत्पन्न करणे ह्यास दान म्हणतात. सेवा परत घ्यावयाची ठरली की ते दान नव्हे, आगाऊ दिलेली भृति होय. ह्याने महाराजांचे श्रेय उणे होत नाही. इंग्रज सरकारने १८६८ साली वार्षिक २०० पौंडांच्या नऊ शिष्यवृत्त्या काढल्या आणि दुसऱ्याच वर्षी बंद केल्या, हे ध्यानी घ्यावे.

आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले; १९१५ साली एम्. ए. झाले. पुढे लंडनसाठी मुदत वाढली, पण १९१७ साली ती सरल्याने अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास हजरही झाले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही जमावाने बाहेर काढले. न्यूयॉर्कच्या खर्चाची तरतूद करणाऱ्या संस्थानास स्वतःच्या राजधानीत बिऱ्हाडाची तरतूद करता आली नाही. करार मोडला तो विद्यार्थ्याच्या कसुरीने नव्हे, हे कागद चाळणाऱ्याने विसरू नये. लंडनचा अभ्यास १९२० नंतर, स्वतःची बचत, शाहू छत्रपतींचे साह्य व मित्राचे कर्ज ह्यांवर पुरा झाला.

बोनकोडे येथे माझ्याकडे कधी कधी विद्यार्थी शिष्यवृत्तीचे अर्ज वाचून घ्यावयास येतात. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. अर्जातील अटींचे कलम मी आधी वाचावयास लावतो.

आंबेडकरांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला. त्याची अर्पणपत्रिका सयाजीरावांस आहे, आणि तीत शिक्षणास केलेल्या साह्याबद्दल कृतज्ञता नोंदविली आहे. संग्राहकांनी करारनाम्याची नक्कल ठेवताना ते पानही सोबत ठेवावे.